तपासलेले दात आणि सांगितलेले दात: अमेरिकेच्या मौखिक आरोग्य सर्वेक्षणांची आकडेवारी ऑनलाइन कशी अभ्यासावी

अमेरिकेतील २ ते १९ वर्षे वयोगटातील १३ टक्के मुलांच्या तोंडात २०१५-१६ मध्ये उपचार न झालेली दातांची कीड होती, हा आकडा ऑनलाइन साधनावर दोन-तीन निवडी केल्या की समोर येतो. तो आकडा मिळवणे सोपे आहे. परंतु तो कोणाच्या तोंडाबद्दल आहे, ते तोंड कोणी पाहिले, कोणत्या पद्धतीने पाहिले आणि टक्केवारी नेमकी कोणाच्या संख्येवर काढली, हे समजून घेतल्याशिवाय त्याचा उपयोग करणे धोक्याचे असते. दंतवैद्यकाचे विद्यार्थी, सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक आणि आरोग्यविषयक लेखन करणारे पत्रकार यांना अशा साधनांवर पद्धतशीर काम करता यावे, या हेतूने हे मार्गदर्शन लिहिले आहे. उदाहरणासाठी अमेरिकेची सर्वेक्षणे घेतली आहेत, कारण त्यांची आकडेवारी कोणालाही विनामूल्य पाहता येते आणि प्रत्येक सर्वेक्षणाची कार्यपद्धती सविस्तर लिहून ठेवलेली आहे.

साधनांच्या पडद्यावरील मांडणी, बटणांची नावे आणि रंग अधूनमधून बदलत राहतात. म्हणून येथे कोणते बटण दाबावे यापेक्षा कोणत्या क्रमाने कोणते निर्णय घ्यावेत यावर भर दिला आहे.

पायरी १: साधनामागे कोणते सर्वेक्षण आहे ते ओळखा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच बहुतेक जण वगळतात. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने मौखिक आरोग्याच्या आकडेवारीसाठी जे साधन उभारले, त्यात एकाच पडद्यावर अनेक वेगवेगळ्या सर्वेक्षणांचे निर्देशक शेजारीशेजारी दिसतात. दिसायला ते एकाच कुळातले वाटतात. प्रत्यक्षात काही आकडे तोंड उघडून पाहिलेले असतात आणि काही फक्त विचारून मिळवलेले असतात. हा भेद मनात पक्का ठेवला, तर पुढच्या अर्ध्या चुका आपोआप टळतात.

तोंड तपासून माहिती गोळा करणारे मुख्य राष्ट्रीय सर्वेक्षण म्हणजे नॅशनल हेल्थ अँड न्यूट्रिशन एक्झामिनेशन सर्व्हे, ज्याला संक्षेपाने एनहेन्स म्हणतात. कोविडच्या काळातील खंड वगळता १९९९ पासून ते अखंड चालवले जाते आणि त्याची माहिती साधारणपणे दोन-दोन वर्षांच्या फेऱ्यांमध्ये प्रसिद्ध होते. दरवर्षी देशभरातील १५ काउंटी, म्हणजे राज्यांतील जिल्ह्यांसारखे विभाग, निवडल्या जातात आणि सुमारे ५,००० व्यक्तींची तपासणी फिरत्या तपासणी केंद्रांमध्ये केली जाते. प्रत्येक दात आहे की नाही, किडलेला आहे की भरलेला आहे, याची दातनिहाय नोंद होते. मात्र या तपासणीत दातांचे एक्स-रे काढले जात नाहीत. दोन दातांच्या मधल्या पृष्ठभागावरची, बाहेरून न दिसणारी कीड त्यामुळे बऱ्याचदा निसटते, आणि दवाखान्यात एक्स-रे पाहून केलेल्या निदानापेक्षा सर्वेक्षणातील प्रमाण कमी येणे स्वाभाविक असते.

एनहेन्सची दुसरी मर्यादा अशी, की ते राष्ट्रीय पातळीवरचे चित्र देण्यासाठी आखलेले आहे. त्यातून एखाद्या राज्याचा आकडा काढता येत नाही. साधनावर राज्यनिहाय नकाशा दिसला, तर त्यामागे एनहेन्स नसून दुसरे काहीतरी आहे असे समजावे.

ते दुसरे बहुधा बिहेवियरल रिस्क फॅक्टर सर्व्हेलन्स सिस्टीम, संक्षेपाने बीआरएफएसएस, असते. हे प्रौढांचे दूरध्वनीवरून केले जाणारे सर्वेक्षण १९८४ मध्ये सुरू झाले आणि आज ते सर्व राज्यांमध्ये चालते. मौखिक आरोग्याचे दोन मूळ प्रश्न त्यात सम वर्षांमध्ये विचारले जातात: तुम्ही शेवटचे दंतवैद्याकडे केव्हा गेला होता, आणि कीड किंवा हिरड्यांच्या आजारामुळे तुमचे किती कायमचे दात काढावे लागले. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे एकही नाही, १ ते ५, ६ किंवा अधिक पण सगळे नाहीत, आणि सगळे, अशा गटांमध्ये नोंदवली जातात. येथे तोंडात कोणीही पाहिलेले नसते. माणसाने सांगितले तेच उत्तर. सगळे दात गेले आहेत की नाही हे माणूस सहसा अचूक सांगतो, त्यामुळे पूर्ण दंतहीनतेसाठी ही पद्धत बरीच भरवशाची आहे. कीड मात्र कित्येकदा स्वतःला कळतच नाही, म्हणून तिचे प्रमाण असे विचारून काढणे योग्य ठरत नाही.

मुलांसाठी आणखी दोन स्रोत आहेत. पहिला म्हणजे राज्यांनी स्वतः केलेली शालेय पाहणी, ज्यात प्रामुख्याने तिसरीतील मुलांचे तोंड साध्या दृष्टितपासणीने पाहून कीड झाल्याचा इतिहास, उपचार न झालेली कीड आणि कायमच्या दाढेवरील सीलंट (कीड टाळण्यासाठी दाढेच्या खाचांवर दिलेला संरक्षक लेप) या तीन गोष्टी नोंदवल्या जातात. दुसरा म्हणजे नॅशनल सर्व्हे ऑफ चिल्ड्रन्स हेल्थ, ज्यात पालकांना विचारले जाते की मुलाला गेल्या १२ महिन्यांत दातांच्या किडीचा त्रास झाला का. तिसरीची पाहणी मुलाच्या तोंडावर आधारलेली आहे, पालकांचे सर्वेक्षण पालकाच्या स्मरणावर आणि जाणिवेवर. दोन्हींमध्ये कीड हा शब्द असला, तरी त्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करू नये.

पाण्यातील फ्लोराइडचे आकडे तर सर्वेक्षणातून येतच नाहीत. ते पाणीपुरवठा यंत्रणांच्या नोंदींवरून काढले जातात. सार्वजनिक पाणीपुरवठ्यात फ्लोराइड मिसळण्याची सुरुवात मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स येथे २५ जानेवारी १९४५ रोजी झाली, आणि २०१५ पासून अमेरिकेत शिफारस केलेले प्रमाण एका लिटरला ०.७ मिलिग्रॅम आहे. या निर्देशकाची टक्केवारी सामुदायिक पाणीपुरवठ्यावर असलेल्या लोकांच्या संख्येवर काढतात, संपूर्ण लोकसंख्येवर नव्हे. स्वतःच्या विहिरीचे पाणी पिणारी कुटुंबे त्या हिशेबाच्या बाहेर राहतात, हे ग्रामीण राज्यांकडे पाहताना विसरू नये.

पायरी २: प्रश्न आधी कागदावर लिहा

साधन उघडण्यापूर्वी एका वाक्यात प्रश्न लिहून काढावा, आणि त्या वाक्यात पाच गोष्टी असाव्यात: कोणता आजार किंवा वर्तन, कोणता वयोगट, कोणता प्रदेश, कोणता काळ आणि कोणाची कोणाशी तुलना. ‘मुलांचे दात किती खराब आहेत’ हा प्रश्न कोणतेही साधन सोडवू शकत नाही. ‘अमेरिकेत २०१५-१६ मध्ये गरीब आणि सुस्थितीतील कुटुंबांतील २ ते १९ वर्षे वयाच्या मुलांमध्ये उपचार न झालेल्या किडीच्या प्रमाणात किती अंतर होते’ हा प्रश्न सोडवता येतो. प्रश्न असा लिहिला, की कोणते सर्वेक्षण लागेल हेही लगेच ठरते: कीड प्रत्यक्ष तपासलेली हवी आणि राष्ट्रीय पातळी पुरेशी आहे, म्हणून एनहेन्स. तोच प्रश्न राज्यनिहाय हवा असेल, तर वयोगट सोडून तिसरीच्या मुलांवर समाधान मानावे लागेल.

प्रश्न आधी न लिहिता साधनात फिरत राहिले, की जो आकडा ठळक दिसतो त्याभोवती प्रश्न रचला जातो. अभ्यासाची ही उलटी दिशा कटाक्षाने टाळावी.

पायरी ३: निर्देशक निवडा आणि त्याची व्याख्या पूर्ण वाचा

प्रत्येक निर्देशकाजवळ माहितीचे चिन्ह किंवा व्याख्येचा दुवा असतो. तो उघडून अंशात कोण आणि छेदात कोण, एवढे तरी वाचलेच पाहिजे. दातांच्या किडीबाबत दोन निर्देशक सतत एकमेकांत मिसळले जातात. एक आहे एकूण कीड, म्हणजे सध्या किडलेला किंवा पूर्वी किडून भरलेला निदान एक दात असणे. दुसरा आहे उपचार न झालेली कीड. पहिला आजाराचा भार सांगतो, दुसरा उपचार पोहोचले की नाही याकडेही बोट दाखवतो.

या दोन्ही निर्देशकांना एकत्र ठेवून वाचण्याची एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. २०१५-१६ च्या फेरीत एकूण किडीचे प्रमाण २ ते ५ वर्षे वयोगटात २१.४ टक्के, ६ ते ११ वर्षे वयोगटात ५०.५ टक्के आणि १२ ते १९ वर्षे वयोगटात ५३.८ टक्के होते. उपचार न झालेल्या किडीचे प्रमाण याच क्रमाने ८.८, १५.३ आणि १३.४ टक्के होते. नुसते दुसरे आकडे पाहिले, तर सर्वांत लहान मुलांची स्थिती सर्वांत चांगली दिसते. पण दोन्ही टक्केवाऱ्या त्याच मुलांच्या एकूण संख्येवर काढलेल्या असल्यामुळे एकीला दुसरीने भागता येते, आणि तसे केल्यावर दिसते की ज्या मुलांना कीड झालेली आहे त्यांच्यापैकी उपचार बाकी असलेल्या मुलांचा वाटा २ ते ५ वयोगटात सुमारे ४१ टक्के, ६ ते ११ मध्ये सुमारे ३० टक्के आणि १२ ते १९ मध्ये सुमारे २५ टक्के आहे. म्हणजे कीड झालेल्या मुलांपुरते पाहिले, तर उपचारांत सर्वांत मागे सर्वांत लहान मुले आहेत. पहिल्या वाचनात जे चित्र दिसले होते, ते येथे उलटते. असा भागाकार करताना छेद खरोखर एकच आहे याची खात्री करावी आणि काढलेला आकडा आपण काढला आहे, साधनाने दिलेला नाही, हे लेखनात स्पष्ट सांगावे. वयोगटांच्या तुलनेत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: दुधाचे दात पडून गेले की त्यांच्या किडीचा इतिहासही तपासणीतून नाहीसा होतो, त्यामुळे १२ ते १९ वयोगटातील एकूण किडीचा आकडा जवळजवळ कायमच्या दातांपुरताच असतो.

काही साधने टक्केवारीऐवजी किंवा तिच्या जोडीला डीएमएफटी निर्देशांकही देतात, ज्यात किडलेल्या, किडीमुळे काढलेल्या आणि भरलेल्या कायमच्या दातांची बेरीज असते. हेन्री क्लाइन, कॅरोल पामर आणि जॉन नटसन यांनी १९३८ मध्ये मेरीलँडमधील हेगर्सटाउन येथील शाळकरी मुलांच्या अभ्यासातून तो रूढ केला. हा निर्देशांक सरासरीच्या रूपात दिला जातो आणि तेथेच अडचण येते: बहुसंख्य मुलांचे दात निरोगी आणि थोड्या मुलांचे बरेच दात किडलेले असले, तरी सरासरी लहानच दिसते. डग्लस ब्रॅटहॉल यांनी २००० मध्ये सर्वाधिक कीड असलेल्या एक-तृतीयांश व्यक्तींचीच सरासरी वेगळी काढण्याची जी पद्धत सुचवली, ती याच कारणाने. तुमच्या साधनात ती सोय नसेल, तर सरासरीबरोबर एकही किडलेला दात नसलेल्यांची टक्केवारी तरी जरूर पाहावी.

पायरी ४: गट पाडा आणि अंतर दोन्ही बाजूंनी मोजा

वय, लिंग, वंश, शिक्षण, उत्पन्न अशा निकषांवर आकडे विभागून पाहण्याची सोय बहुतेक साधनांत असते. एका वेळी एकच निकष लावावा. दोन-तीन निकष एकत्र लावले, की प्रत्येक कप्प्यातील माणसांची संख्या झपाट्याने घटते आणि आकडे डळमळीत होतात.

उत्पन्नाचे उदाहरण घेऊ. त्याच २०१५-१६ च्या फेरीत उपचार न झालेल्या किडीचे प्रमाण दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलांमध्ये १८.६ टक्के आणि दारिद्र्यरेषेच्या तिपटीहून अधिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांमध्ये ७ टक्के होते. एकूण किडीचे प्रमाण याच दोन गटांत ५६.३ आणि ३४.८ टक्के होते. वजाबाकी केली, तर एकूण किडीतील अंतर २१.५ टक्केबिंदू आणि उपचार न झालेल्या किडीतील अंतर ११.६ टक्केबिंदू येते. म्हणजे पहिली विषमता मोठी. भागाकार केला, तर पहिल्यात प्रमाण सुमारे १.६ पट आणि दुसऱ्यात सुमारे २.७ पट येते. म्हणजे दुसरी विषमता मोठी. दोन्ही विधाने बरोबर आहेत. ज्याला जे सिद्ध करायचे आहे ते निवडून मांडता येते, आणि म्हणूनच प्रामाणिक अभ्यासकाने वजाबाकी आणि भागाकार दोन्ही द्यावेत.

प्रौढांच्या आकड्यांसोबत कच्ची टक्केवारी आणि वयानुसार समायोजित टक्केवारी असे दोन पर्याय दिसतात. एखाद्या राज्यात दात गमावलेले किती लोक आहेत आणि त्यांच्यासाठी किती सेवा लागतील हे ठरवायचे असेल, तर कच्ची टक्केवारी घ्यावी, कारण माणसे प्रत्यक्षात तेवढी आहेत. वृद्धांची संख्या जास्त असलेल्या राज्याची तरुण राज्याशी तुलना करायची असेल, तर समायोजित टक्केवारी घ्यावी. ती अमेरिकेच्या २००० सालच्या प्रमाण लोकसंख्येच्या वयरचनेवर बेतलेली असते. एकाच तक्त्यात दोन्ही मिसळू नयेत.

पायरी ५: आकड्याच्या दोन्ही बाजूंना काय लिहिले आहे ते पाहा

सर्वेक्षणात संपूर्ण देश तपासला जात नाही, नमुना तपासला जातो. म्हणून प्रत्येक टक्केवारीसोबत ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरा आकडा ज्या दोन मर्यादांच्या दरम्यान असण्याची दाट शक्यता आहे तो पट्टा, दिलेला असतो आणि तो दाखवण्याचा पर्याय बंद असेल, तर आधी सुरू करून घ्यावा. समजा एका राज्याचा आकडा १२ टक्के आणि अंतराल ९ ते १५ आहे, तर दुसऱ्याचा १४ टक्के आणि अंतराल ११ ते १७. येथे दुसऱ्या राज्याची स्थिती वाईट आहे असे म्हणण्याइतका पुरावा नाही. अंतराल एकमेकांपासून पूर्ण वेगळे असतील, तर फरक खरा मानायला हरकत नसते. ते थोडेसे एकमेकांवर आले, तरी फरक नाहीच असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही, त्यासाठी स्वतंत्र सांख्यिकीय चाचणी करावी लागते.

काही कप्प्यांत आकड्याऐवजी तारांकन, रेघ किंवा रिकामी जागा दिसते. तेथे प्रमाण शून्य नाही. नमुना अपुरा असल्यामुळे आकडा रोखून ठेवलेला आहे. बीआरएफएसएसमध्ये साधारणपणे ५० पेक्षा कमी व्यक्तींवर आधारलेले आकडे प्रसिद्ध करत नाहीत. एनहेन्स चालवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राने टक्केवाऱ्यांसाठी २०१७ मध्ये स्वतःचे निकष जाहीर केले. त्यांनुसार परिणामकारक नमुना (निवडीच्या पद्धतीचा प्रभाव हिशेबात घेऊन काढलेली नमुन्याची संख्या) ३० पेक्षा लहान असेल किंवा विश्वास अंतरालाची रुंदी ३० टक्केबिंदू वा त्याहून अधिक असेल, तर आकडा भरवशाचा मानला जात नाही. तक्ता डाउनलोड केल्यावर अशा रिकाम्या जागा काही सॉफ्टवेअर शून्य म्हणून वाचतात, आणि मग अल्पसंख्य गटांतील आजार कागदावरून पुसला जातो. ज्यांच्याबद्दलची माहिती मुळातच अपुरी, त्यांच्यावर हा दुहेरी अन्याय होतो. म्हणून सरासरी किंवा आलेख काढण्यापूर्वी रिकामे कप्पे तपासलेच पाहिजेत.

सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर कोण राहिले, हेही याच टप्प्यावर नोंदवावे. एनहेन्स आणि बीआरएफएसएस या दोन्हींत वृद्धाश्रम व शुश्रूषागृहे यांसारख्या संस्थांमध्ये राहणाऱ्यांचा समावेश नसतो. मौखिक आरोग्याच्या दृष्टीने अत्यंत दुर्बल असलेले वृद्ध त्यामुळे कोणत्याही तक्त्यात येत नाहीत, आणि दंतहीनतेचा राष्ट्रीय आकडा वाचताना ही उणीव ध्यानात ठेवावी लागते.

पायरी ६: काळाची तुलना करण्यापूर्वी मोजण्याची पद्धत तीच होती का ते तपासा

रेषालेख पाहिला की चढ-उताराला कारण शोधण्याचा मोह होतो. त्याआधी पद्धत बदलली होती का हे पाहणे गरजेचे असते, आणि हिरड्यांच्या आजाराइतके याचे बोलके उदाहरण दुसरे नाही. २००४ पर्यंतच्या एनहेन्स फेऱ्यांमध्ये तोंडाचे दोनच चतुर्थांश निवडून, प्रत्येक दाताभोवती मोजक्या जागी हिरडीची खोली मोजली जाई. २००९ ते २०१४ या काळात ३० वर्षे व त्यावरील प्रौढांचे संपूर्ण तोंड, अक्कलदाढा वगळून, प्रत्येक दाताभोवती सहा जागी मोजले गेले. २००९-१० च्या आकडेवारीवरून पेरिओडोन्टायटिसचे, म्हणजे हिरड्यांसह दातांचा आधार झिजवणाऱ्या आजाराचे, प्रमाण ४७.२ टक्के निघाले. आधीच्या फेऱ्यांच्या अंदाजांपेक्षा ते बरेच मोठे होते. लोकांच्या हिरड्या अचानक बिघडलेल्या नव्हत्या. अर्धेच तोंड मोजले, की उरलेल्या अर्ध्यातला आजार सुटतो, एवढेच सिद्ध झाले. २००९ ते २०१४ या सहाही वर्षांची आकडेवारी एकत्र केल्यावर तेच प्रमाण ४२.२ टक्के आले. संपूर्ण तोंडाची ही तपासणी त्या तीन फेऱ्यांपुरतीच झाली, म्हणून साधनावर या आजाराचा ताजा आकडा दिसत नसेल, तर तो साधनाचा दोष समजू नये.

अशीच दुसरी फट २००५ ते २००८ या काळात आहे, कारण तेव्हा दंतवैद्यांच्या सविस्तर तपासणीऐवजी प्रशिक्षित आरोग्य तंत्रज्ञांकडून प्राथमिक तपासणी केली गेली. बीआरएफएसएसमध्ये २०११ पासून मोबाइल फोनधारकांचा समावेश झाला आणि भारांक (नमुन्यातील प्रत्येक व्यक्ती लोकसंख्येतील किती जणांच्या जागी धरायची ती संख्या) देण्याची रीतही बदलली. म्हणून २०११ च्या आधीची आणि नंतरची वर्षे एका रेषेने जोडू नयेत. कोविडच्या साथीमुळे एनहेन्सची २०१९-२० ची फेरी अर्धवट राहिली आणि तिची माहिती २०१७-१८ च्या माहितीशी जोडून ‘२०१७ ते मार्च २०२०’ अशी प्रसिद्ध करण्यात आली.

पद्धत पुरेशी समान असेल तेथे तुलना जरूर करावी. ६५ वर्षे व त्यावरील वृद्धांमधील पूर्ण दंतहीनता २०११-१२ मध्ये सुमारे १९ टक्के होती आणि २०१७ ते मार्च २०२० मध्ये १३.८ टक्के. सगळे दात गेले आहेत की नाहीत हे ओळखण्यात तपासणाऱ्यागणिक फरक पडण्यास फारसा वाव नसतो, त्यामुळे ही घट खरी आहे असे म्हणण्यास बळकट आधार मिळतो.

पायरी ७: नकाशा सर्वांत शेवटी पाहा

नकाशा आकर्षक असतो, म्हणूनच तो शेवटी ठेवावा. रंगाच्या पट्ट्या कोठे बदलतात ते सूचीत पाहावे. अर्ध्या टक्केबिंदूच्या फरकानेही शेजारची दोन राज्ये वेगळ्या रंगांत जाऊ शकतात. तिसरीच्या मुलांच्या पाहण्या प्रत्येक राज्य आपापल्या सोयीच्या वर्षी करते, त्यामुळे एकाच नकाशावर निरनिराळ्या वर्षांचे आकडे एकत्र असण्याची शक्यता असते. प्रत्येक राज्यावर जाऊन वर्ष तपासावे. बीआरएफएसएसच्या तक्त्यात संपूर्ण देशासाठी दिलेला आकडा बहुधा राज्यांच्या आकड्यांचा मध्यक, म्हणजे ते क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, असतो. त्या मध्यकात ३ कोटी ९० लाखांहून अधिक लोकसंख्येचे कॅलिफोर्निया आणि ६ लाखांहून कमी लोकसंख्येचे वायोमिंग यांचे वजन सारखेच असते, म्हणून त्याला देशातील लोकांची टक्केवारी म्हणू नये.

पायरी ८: तक्ता उतरवून घेताना नोंदी ठेवा

पडद्याचे छायाचित्र हा पुरावा पुरेसा नाही. सीएसव्ही स्वरूपातील तक्ता उतरवून घ्यावा, त्याची मूळ प्रत जशीच्या तशी जपावी आणि काम दुसऱ्या प्रतीवर करावे. सोबतच्या नोंदवहीत साधनाचे नाव, सर्वेक्षण, निर्देशकाची शब्दशः व्याख्या, वर्ष, वयोगट, कच्चा की समायोजित आकडा, लावलेले निकष आणि उतरवून घेतल्याची तारीख लिहावी. संकेतस्थळांची रचना बदलते, पाने हलवली जातात, जुने आकडे सुधारले जातात. अशा वेळी ही नोंदच तुमच्या निष्कर्षाचा आधार राहते. निष्कर्षाचे वाक्यही त्याच नोंदीतून तयार होते: ‘एनहेन्स २०१५-१६ नुसार, अमेरिकेतील संस्थांबाहेर राहणाऱ्या नागरी लोकसंख्येतील २ ते १९ वर्षे वयाच्या १३ टक्के मुलांमध्ये निदान एका दातात उपचार न झालेली कीड दृष्टितपासणीत आढळली.’ वाक्य लांब आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द काम करतो.

पायरी ९: साधन अपुरे पडले तर मूळ माहितीकडे वळा

तयार साधनात नसलेला वयोगट किंवा नसलेली तुलना हवी असेल, तर एनहेन्सच्या व्यक्तिनिहाय फायली कोणालाही उतरवून घेता येतात. लोकसंख्याविषयक माहिती, मौखिक तपासणी आणि प्रश्नावली यांच्या फायली स्वतंत्र असतात. एसईक्यूएन या अनुक्रमांकावरून त्या एकमेकींशी जोडायच्या असतात. या सर्वेक्षणात काही वंशगट आणि वृद्ध यांची निवड मुद्दाम जास्त प्रमाणात केली जाते, जेणेकरून त्यांच्याबद्दलही विश्वासार्ह आकडे काढता यावेत. त्यामुळे भारांक न लावता काढलेली सरळ टक्केवारी देशाची नसते, फक्त तपासल्या गेलेल्या माणसांची असते. तपासणीतून मिळालेल्या माहितीसाठी तपासणीचाच भारांक घ्यावा, मुलाखतीचा नव्हे; शिवाय नमुन्याचे स्तर आणि समूह सांगणारे दोन स्तंभ सॉफ्टवेअरला दिल्याशिवाय विश्वास अंतराल बरोबर येत नाही. आर या विनामूल्य प्रणालीतील सर्व्हे नावाच्या पॅकेजमध्ये हे सगळे करता येते.

लहान गटासाठी दोन फेऱ्या एकत्र कराव्या लागल्या, तर दोन्ही फेऱ्यांचे दोन वर्षांचे भारांक निम्मे करावेत. २०१७ ते मार्च २०२० ही फाइल मात्र ३.२ वर्षांची धरली जाते. ती २०१५-१६ शी जोडताना जुन्या फेरीचा भारांक २ भागिले ५.२ ने आणि नव्या फाइलचा ३.२ भागिले ५.२ ने गुणावा. हे सगळे बसवल्यावर नवा प्रश्न लगेच सोडवू नये. आधी प्रसिद्ध झालेला एखादा आकडा, उदाहरणार्थ २०१५-१६ मधील ४५.८ टक्के एकूण कीड, स्वतःच्या गणनेतून पुन्हा मिळतो का ते पाहावे. तो दशांशापर्यंत जुळला, तरच पुढची गणना सुरू करावी. न जुळल्यास भारांक, वयाची मर्यादा आणि तपासणी अपूर्ण राहिलेल्या व्यक्ती वगळल्या आहेत की नाहीत, या क्रमाने चूक शोधावी.